सुपासकट की सुपाशिवाय? पूर्व भागातले पोर्ट्रेट

मागावरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या माणसांचे पोर्ट्रेट काढायचं काम मी हाती घेतलंय. कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर आणि तिकडे थेट कुंभारीपर्यंत. माझं माहेर पद्मशाली, म्हणजे विणकरांचं, घरी तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात थोडं कन्नड. आजोबा हातमागावर, वडील यंत्रमागावर, आई घरी कांड्या भरायची. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, चादर जगभर जाते, पण ती विणणाऱ्याचा चेहरा पेपरात येतो तो संपाच्या नाहीतर मंदीच्या बातमीसोबत. हे मला बदलायचंय.

अडचण अशी आली. विडी वळणाऱ्या एका मावशींकडे गेले होते. ओसरीवर बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली तेंदूची पानं, बाजूनं मऊ उजेड. मी कॅमेरा पिशवीतून काढला तशी त्यांनी सूप उचलून कोपऱ्यात सरकवलं. आत गेल्या, लेकीनं घेतलेली साडी नेसून आल्या, पावडर लावली, लेकीचा पदवीचा फोटो छातीशी धरला आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आता काढ."

मला सूप हवं होतं, त्यांना नको होतं.

माझं मत सांगते. चेहरा ज्याचा, त्यानंच ठरवावं. पण असंही वाटतं की सगळ्यांनी सूप, मागाचा धोटा, सुताच्या कांड्या बाजूला सारल्या तर ज्या कामावर हा अर्धा गाव जगला ते काम फोटोत उरणारच नाही. मावशींच्या लेकी, सुना विड्या वळत नाहीत. आणखी वीस वर्षांनी पुरावा कुठला? तुमचे अनुभव, मतं हवीत. भांडलात तरी चालेल.

हुतात्मा_एक्स्प्रेस

पयला प्रतिसाद माझा. आमच्या गल्लीत कुणी कॅमेरा काढला की दहा पोरं "काय काढूलालाय बे" म्हणत पुढे, आणि ज्याचा फोटो काढायचाय तो मागे. तुम्ही गर्दी कशी आवरता ते आधी सांगा. बाकी विषय लई भारी. बसलोय वाचत.

बाळीवेसकर

सूप हवंच. मी ठाम आहे.

ऑगस्ट झान्डर नावाचा जर्मन फोटोग्राफर होता. त्यानं आयुष्यभर आपल्या समाजातल्या माणसांचे पोर्ट्रेट काढले. शेतकरी, वकील, बेकार, सर्कशीतली माणसं. खांद्यावर विटा घेतलेला हमाल, भांडं ढवळणारा मिठाईवाला. १९२९ साली त्यातले साठ फोटो पुस्तकरूपात आले. १९३६ मध्ये नाझी सरकारनं त्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट केले. त्या सरकारला जर्मन माणूस एकाच साच्यातला हवा होता आणि झान्डरचा देश त्या साच्यात बसत नव्हता. आज तो काळ समजून घ्यायचा तर लोक त्याच फोटोंकडे जातात, कारण माणसासोबत त्याचा धंदा, त्याचे कपडे, त्याची उभं राहायची ढब, सगळं तिथे आहे.

आपल्याकडे काय आहे? जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. भोंग्यावर घड्याळ लावणारं हे गाव होतं. मिलच्या खात्यात साच्यासमोर, म्हणजे मागासमोर, उभ्या असलेल्या कामगाराचा नीट काढलेला एक फोटो तुमच्यापैकी किती जणांच्या घरी आहे? आहेत ते लग्नातले आणि हार घातलेले. विडीचंही तसंच होणार. ताई, मावशींना समजवा आणि सूप परत मांडीवर ठेवा.

विमुक्त३१

बाळीवेसकर काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण "समजवा" या शब्दाला माझा विरोध आहे.

मी सेटलमेंटमधला. सोलापुरात अजूनही तो भाग सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो, रिक्षावाल्याला तेवढंच सांगावं लागतं. बाहेरच्यांसाठी लिहितो: १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तारेच्या कुंपणात वस्ती, नोंदवही, बोटांचे ठसे, हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. माझ्या नावातला आकडा तिथला आहे.

कॅमेरा या देशात आला आणि थोड्याच वर्षांत इंग्रज सरकारनं तो माणसं मोजायला लावला. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. चेहरा वर, खाली जमात, आणि जमातीचा स्वभाव. हे इमानी, हे चोर, हे आळशी. माणसाचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. हातात त्याचं अवजार, अंगावर त्याचा पोशाख, म्हणजे पाहणाऱ्याला जात ओळखता यावी. झान्डरनं जे प्रेमानं केलं तेच इथे हुकमतीनं झालं होतं. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर पुष्कळदा फरक दिसणार नाही, फरक आहे तो कोण काढतंय आणि कशासाठी यात.

आमच्या घरात आजोबांचा एकही फोटो नाही. कॅमेरा म्हणजे पोलीस, एवढंच त्यांना माहीत होतं. मावशींनी सूप सरकवलं तेव्हा त्यांना काय नको होतं ते मला लगेच समजलं.

मागावरची

@विमुक्त३१, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. चेहऱ्याखाली काय लिहायचं हा प्रश्न मी अजून नीट घेतलेलाच नव्हता.

@हुतात्मा_एक्स्प्रेस, गर्दी आवरायची नाही. आधी सगळ्या पोरांचे फोटो काढायचे, पडद्यावर दाखवायचे, मग ती आपोआप पांगतात.

डार्करूम

मला यात बोलायलाच हवं. वडिलांचा नवी पेठेत स्टुडिओ होता, मी शाळा सुटली की तिथेच. हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या रसायनाचा, वास आला की अजून मला भूक लागते, कारण डबा तिथे बसूनच खायचो.

मिलचा पगार झाला की त्या संध्याकाळी रांग लागायची, हे वडील सांगायचे. माझ्या वेळी मिलवाले कमी झाले होते, पण मागवाले, विडीवाल्या बायका, रेल्वेवाले, पोस्टातले यायचे. स्टुडिओत तीन पडदे होते. एकावर बाग आणि कारंजं, एकावर जिना, एकावर ताजमहाल. खुंटीवर एक कोट, दोन टाय, लाकडी स्टँडवर बिनवायरचा टेलिफोन, प्लॅस्टिकचे गुलाब, आणि ड्रॉवरमध्ये एक मनगटी घड्याळ. कोट सगळ्यांना ढगळ व्हायचा. वडील पाठीमागून चिमटे लावून तो तंग करायचे, समोरून अगदी शिवून घेतल्यासारखा दिसायचा. मग यशिका कॅमेरा तिपाईवर, मान थोडी डावीकडे, हनुवटी खाली, "श्वास रोखा".

आता कुणी म्हणेल हे खोटं. माझ्या मते ते खोटं नव्हतं. ज्या माणसाला दिवसभर मुकादम "ए" म्हणून हाक मारायचा, तो अर्धा तास कोट घालून साहेबासारखा बसायचा, आणि तोच फोटो गावी आईला पाठवायचा. त्यानं स्वतःबद्दल जे ठरवलं होतं ते त्या फोटोत असायचं. पुढे मी वाचलं की आफ्रिकेत मालीची राजधानी बामाको, तिथे सेदू केता नावाच्या फोटोग्राफरनं १९४८ मध्ये स्टुडिओ उघडला आणि तोही गिऱ्हाइकांसाठी सूट, घड्याळं, पेन, रेडिओ, स्कूटर ठेवायचा. फ्रेंचांचं राज्य संपत आलेलं, नवं शहर उभं राहतंय, आणि लोक येऊन "आम्ही आता असे आहोत" म्हणून बसतायत. तेच आमच्या तीन पडद्यांसमोर चालू होतं.

आमच्या कोटात बसलेल्या एका विणकराचा मुलगा खरोखरचा वकील झाला आणि कोट घालून फोटो काढायला आमच्याचकडे आला. वडिलांनी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत.

तेव्हा माझं मत मावशींच्या बाजूनं.

साखरपेठ

@डार्करूम, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पण स्टुडिओची दुसरी बाजूही सांगते. स्थळासाठीचा फोटो. माझ्या बहिणीचा रंग सावळा. स्टुडिओवाल्यानं न विचारता गोरा करून दिला. पाहुणे आले, मुलगी पाहिली, आणि "फोटोत वेगळी वाटली" म्हणून गेले. त्यानंतर तिनं लग्नात सुद्धा एकटीचा फोटो काढू दिला नाही. तेव्हा जिचा चेहरा तिनं ठरवावं हे बोलायला सोपं आहे, पण तिच्याऐवजी आई ठरवते, मामा ठरवतो, स्टुडिओवाला ठरवतो. मागावरची ताई, तुमच्या मावशींनी पावडर लावली ती स्वतःला आवडते म्हणून, की फोटोत काळं दिसायचं नसतं हे लहानपणापासून ऐकलंय म्हणून?

लेन्सवाला_पुणे

@साखरपेठ, यात यंत्राचाही दोष आहे. रंगीत फिल्मच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं एक नमुना कार्ड असायचं, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिचा चेहरा बरोबर आला म्हणजे मशीन बरोबर. काळ्या-सावळ्या त्वचेचे बारकावे त्या फिल्मला धरताच यायचे नाहीत, चेहरा नुसता डाग व्हायचा. याची ओरड कुणी केली माहीत आहे का? १९७० च्या दशकात चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी, कारण जाहिरातीत त्यांच्या मालाचे तपकिरी रंग सगळे सारखेच येत होते. त्यानंतर फिल्म सुधारायला लागली. माणसांची तक्रार तोवर पुरेशी ठरली नव्हती.

आज मोबाइल काय करतो? न विचारता चेहरा गुळगुळीत आणि उजळ. सेटिंगमध्ये जाऊन "ब्युटी" बंद करा, ही पहिली पायरी. दुसरी, जवळ जाऊन मोठ्या कोनाच्या लेन्सनं चेहरा काढू नका, नाक पुढे येतं आणि कान मागे जातात. पाच-सहा फूट मागे उभे राहा आणि झूमची लेन्स वापरा. तिसरी, सोलापूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर उघड्यावर काढलेल्या चेहऱ्याला डोळ्यांच्या जागी दोन खड्डे येतात. दाराच्या आत दोन हात उभं करा, चेहरा दाराकडे. सावळ्या रंगाला बाजूचा मऊ उजेड फार शोभतो, पण एक्स्पोजर चेहऱ्यावर मोजा, मागच्या पांढऱ्या भिंतीवर नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये जुन्या ट्यूबलाइट असतील तर शटर एक शतांश किंवा एक पन्नासांश ठेवा, नाहीतर फोटोत काळे पट्टे येतील. आणि लेन्स बदलू नका तिथे. सुताची तूस सेन्सरवर बसते.

हुतात्मा_एक्स्प्रेस

चॉकलेटचा अपमान झाला तेव्हा कंपनी हलली. हे आमच्या आईला वाचून दाखवलं, ती अजून बोलते आहे त्यावर.

गड्ड्याची_पोरं

पडद्यांवरून आठवलं. गड्डा यात्रेतले, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेतले, फोटोचे तंबू! पुठ्ठ्याचं विमान, पुठ्ठ्याची मोटारसायकल, अर्धा चंद्र. मागे चार भावंडं खिडकीतून डोकी काढून. आमच्याकडे विमानातला फोटो आहे, त्यात आजोबा बाराबंदी घालून पायलटच्या जागी बसलेत. नंदीध्वजाची सेवा करून सरळ तिकडे आलेले. बाराबंदी, डोक्यावर फेटा, आणि हात विमानाच्या दांड्यावर. सोलापूरचं पोर्ट्रेट म्हणून मी तो फोटो कुठेही लावीन.

बाळीवेसकर

विमानाचा फोटो इथे टाका की. आणि नंदीध्वजाचा विषय निघालाच आहे तर अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्याजवळ जो उजेड असतो...

मागावरची

काका, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिली येईन. :)

तिसरी_बाजू

कायद्याचं बोलतो, कारण वरची सगळी चर्चा भावनेची झाली आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही स्टुडिओत पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसेल तर, त्याचे पहिले मालक तुम्ही. फोटोग्राफर नाही. पण फोटोग्राफर स्वतःच्या मनानं आला, फुकट फोटो काढून गेला, तर मालक तो. म्हणजे डार्करूम यांच्या वडिलांकडे पैसे मोजून ढगळ कोटात बसलेला विणकर आपल्या चेहऱ्याचा कायदेशीर मालक होता. आणि आज मागावरची ताई अत्यंत कळवळ्यानं ज्या मावशींचा फोटो काढतात, त्या मावशी आपल्या फोटोच्या मालक नाहीत.

दुसरं उदाहरण. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात डोरोथिया लँग या फोटोग्राफरनं मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. कडेला दोन मुलं मान वळवून बसलेली, आईचा हात गालाशी. अमेरिकेतल्या मंदीचा चेहरा म्हणून तो जगभर गेला. त्या बाईचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ते नाव लोकांना कळायला १९७८ साल उजाडलं. ती चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी होती, हेही फोटो पाहणाऱ्यांना माहीत नव्हतं. तिला त्या फोटोतून एक पैसा मिळाला नाही, आणि आपला फोटो काढला गेला याचं तिला पुढे दुःखच होतं. सरकारी कामासाठी काढलेला, हेतू चांगला, फोटो उत्तम, आणि तरी हे.

तेव्हा सूप आहे की नाही यापेक्षा कागदावर काय आहे हे आधी बघा. मराठीत आणि तेलुगूत साधं एक पान करा. फोटो कुठे लागेल, कुठे लागणार नाही, विकला तर पैसे कुणाचे, आणि "नको" म्हणायचा हक्क नंतरही राहील का. वाचून दाखवा. सही घ्या आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.

अक्का_कुंभारी

मी इथे वाचतच असते, लिहीत नाही. आज लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या, मी तेलुगू माध्यमात शिकलेय.

माझी आई विडी कामगार. रोज हजार विड्या. सकाळी पानं भिजवायची, कातरायची, मग दिवसभर वळायच्या, दोरा बांधायचा, संध्याकाळी विडी कंपनीच्या ब्रँचवर नेऊन द्यायच्या. तिथे माणूस विड्या बघतो आणि नको त्या बाजूला काढतो. त्याचे पैसे नाहीत, पण पान-तंबाखू तर गेलेलंच असतं.

आईचा पहिला फोटो कुठला माहीत आहे का? लग्नातला नाही, लग्नात कुणी फोटोवाला आलाच नव्हता. पहिला फोटो विडी कामगाराच्या ओळखपत्राचा. १९७६ च्या कल्याण निधीच्या कायद्यानंतर ही ओळखपत्रं मिळायला लागली, पण आमच्या आईला ते मिळवायला फार झगडावं लागलं, कारण कार्ड दिलं की ही आमची कामगार आहे हे मान्य करावं लागतं. युनियनच्या बायका मोर्चाला गेल्या तशी आईही गेली. कार्ड मिळालं. त्या कार्डावर दवाखाना, त्या कार्डावर माझी शिष्यवृत्ती, आणि त्या कार्डावर पुढे कुंभारीचं घर. गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरं, २००६ साली किल्ल्या मिळाल्या. आता त्याच कुंभारीत रे नगरची घरं झाली, २०२४ च्या जानेवारीत पंधरा हजार घरांचा ताबा दिला. आमच्या घराच्या दारावर आईच्या नावाची पाटी आहे.

त्या कार्डावरचा फोटो अगदी वाईट आहे. आई घाबरलेली, डोळे मोठे, केस विस्कटलेले. पण आईनं तो मोठा करून फ्रेम करून घेतलाय, आणि तो देवाच्या शेजारी आहे. आम्ही चांगला फोटो काढून देऊ म्हटलं तर म्हणते, राहू दे, याच फोटोनं घर दिलं.

पुढे आधारच्या वेळी आईच्या बोटांचे ठसे येईनात. पान आणि तंबाखूनं बोटं घासून गुळगुळीत झाली. तिथला मुलगा पुन्हा पुन्हा बोट दाबत होता आणि आई मला तेलुगूत म्हणाली, माझं तोंड बघ म्हणावं की.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: सूप मांडीवर असेल तर बघणारा म्हणतो गरीब बाई. सूप नसेल तर म्हणतो कुणाची तरी आई. माझी आई दोन्ही आहे, आणि मोर्चातली सुद्धा आहे. तो तिसरा फोटो कुणी काढतच नाही.

मागावरची

अक्का, मी हे दोनदा वाचलं आणि मग घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. तुमच्या आईंना भेटायचंय. कॅमेरा न घेता.

साखरपेठ

"माझं तोंड बघ म्हणावं." धाग्याचं नाव हेच करा.

डार्करूम

अक्कांनी लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे सर्वांत जास्त फोटो कसले काढले जायचे. पासपोर्ट आकाराचे. निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या वेळेला, १९९३ नंतर मतदार ओळखपत्रं निघाली, त्यांचे फोटो सरकारी केंद्रांवर काढायचे, पण त्या धामधुमीनं लोकांना चेहऱ्याच्या कागदाची सवय लागली. रेशन, बँक, शिष्यवृत्ती, सगळीकडे दोन प्रती. विणकर कॉलनीतल्या बायका घोळक्यानं यायच्या आणि एकच चांगली साडी आळीपाळीनं नेसायच्या. एका रोलवर सहा बायका, साडी तीच. आम्ही त्यांना हसत नव्हतो, साडी नेसायला आतली खोली मोकळी करून द्यायचो.

या निगेटिव्ह माझ्याकडे आहेत. डब्यांत, नावं नाहीत, फक्त तारखा. त्यांचं काय करावं हे मला समजत नाही. इथे विचारतो: त्या छापून प्रदर्शन लावणं योग्य होईल का? तिसरी_बाजू यांच्या हिशोबानं तर मालक त्या बायका आहेत.

तिसरी_बाजू

हो, त्याच आहेत. एका निगेटिव्हची निदान एक प्रत त्या घरापर्यंत पोहोचवायचा प्रयत्न करा. सगळ्या निगेटिव्हचे छोटे फोटो एका कागदावर छापून (कॉन्टॅक्ट शीट) गल्लीत लावा, लोक ओळखतील. ओळखलं की नाव लिहा, त्यांना प्रत द्या, मग प्रदर्शनाचं विचारा. उलट्या क्रमानं नको.

नवी_ओळख

मी तृतीयपंथी आहे. माझ्या जुन्या ओळखपत्रावर मुलाचा चेहरा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आमची ओळख मान्य केली, २०१९ मध्ये कायदा आला, आणि आता जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी नवा फोटो काढायला मी एका स्टुडिओत गेले. तिथल्या मुलानं एकच प्रश्न विचारला, "टिकली राहू द्यायची ना ताई?" मला "ताई" म्हणून तो फोटो काढला गेला. फोटोत मी हसते आहे. नियमात हसायचं नसतं म्हणे, तरी त्यानं तसाच ठेवला, आणि एक मोठी प्रत वेगळी काढून दिली.

दक्षिण आफ्रिकेतल्या झानेले मुहोली २००६ पासून तिथल्या काळ्या समलिंगी बायकांचे आणि आमच्यासारख्यांचे पोर्ट्रेट काढतात. सगळे थेट कॅमेऱ्यात बघतात. खाली नाव, गाव, साल. धंदा नाही, जात नाही, दया नाही. मागावरची ताई, खाली काय लिहायचं हा तुमचा प्रश्न होता म्हणून सांगितलं.

विमुक्त३१

@नवी_ओळख, स्वागत. तो स्टुडिओवाला मुलगा भेटला तर माझा नमस्कार सांगा.

नाव, गाव, साल हे मला पटतं. भर एवढीच की चौथी ओळ बसणाऱ्यानं स्वतः सांगावी, त्याच्या भाषेत. कुणी म्हणेल विडी कामगार, कुणी म्हणेल पदवीधराची आई, कुणी काहीच म्हणणार नाही.

बाळीवेसकर

पण मग काम? माझा मुद्दा अजून उभाच आहे. चौथ्या ओळीत कुणीच विडी, माग, कांड्या म्हटलं नाही तर? लाज कामाची आहे की कामाला मिळणाऱ्या वागणुकीची, हे कुठे दिसणार? मला सांगा, आपल्या कोटणीस डॉक्टरांचा कुठला फोटो डोळ्यांसमोर येतो? चीनमधला, सैनिकी टोपी आणि गणवेशातला. सोलापुरातून निघालेला, १९३८ साली वैद्यकीय पथकातून गेलेला मुलगा तिथल्या कामाच्या कपड्यांतच ओळखला जातो. काम हीच त्यांची ओळख झाली आणि त्यात कमीपणा नाही. विडीच्या बाबतीतही तो कमीपणा का असावा?

अक्का_कुंभारी

काका, कोटणीस डॉक्टर त्या कपड्यांत स्वतःहून गेले. आईनं सूप स्वतःहून घेतलं नव्हतं, आजीनं हातात दिलं. मला लाज वाटत नाही. पण आईला विचारलं तर ती म्हणेल, हात दाखवा, तोंडासोबत हात दाखवा. सुपाचं तिला काही नाही. हाताचं आहे. तिची बोटं बघून आमच्या गल्लीतली कुणीही सांगेल ही किती वर्षं वळते.

लेन्सवाला_पुणे

हात! हे खरंच करा. चेहरा आणि दोन्ही हात एकाच फ्रेममध्ये, छातीपाशी किंवा मांडीवर. ८५ च्या लेन्सनं काढाल तर छिद्र फार उघडं ठेवू नका, ५.६ च्या आसपास, म्हणजे बोटंही स्पष्ट येतील. हात पुढे असतात, चेहऱ्यावर फोकस घेतला की बोटं धूसर होतात आणि सगळा मुद्दाच जातो.

बाळीवेसकर

हात मला मान्य. पूर्ण मान्य. पण ज्याला सूप, धोटा घेऊन बसायचंय त्याला अडवू नका एवढंच.

मागावरची

मूळ प्रश्नावर येते. मी असं ठरवतेय, आणि खोडायचं असेल तर खोडा.

प्रत्येकाशी पहिल्या भेटीत कॅमेरा नाही. दुसऱ्या भेटीत ते पान, मराठी-तेलुगू, कन्नड आणि उर्दूही करून घेईन, वाचून दाखवून. त्या पानावर मालकी दोघांची असं लिहीन. मग जागा, कपडे, वस्तू त्यांनी ठरवायच्या. उजेड मी ठरवणार, ते माझं काम आहे आणि त्यात मी तडजोड करणार नाही. चेहरा उजळ करायचा नाही, हे आधी सांगेन, ज्यांना नको असेल त्यांनी बसू नये. पाच-सहा फोटो काढून झाले की तिथेच दाखवेन, कुठला ठेवायचा ते त्या सांगतील, बाकीचे पुसेन. हात असावेत असं मी सुचवेन, सक्ती नाही. खाली नाव, गाव, साल, आणि चौथी ओळ त्यांची.

@साखरपेठ, पावडरचं विचारलं होतंत. मावशींना फोनवर विचारलं. म्हणाल्या, "ब्रँचवर जाताना पण लावते ग." एवढंच.

@डार्करूम, तुमच्या निगेटिव्ह आणि माझे नवे फोटो एकत्र लावता आले तर? त्याच बायकांच्या, ओळख पटली तर.

साखरपेठ

"बाकीचे पुसेन" हे नको ना! चाळीस वर्षांनी मावशींच्या नातीला तो सुपाचा फोटो हवा असेल तर? पुसू नका, त्यांच्याच घरी द्या. पेनड्राइव्ह नाही, कागदावर. पेनड्राइव्ह हरवतो, कागद ट्रंकेत राहतो.

डार्करूम

बरोबर. आणि मॅट कागदावर छापा, लॅमिनेशन अजिबात नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॅमिनेशन सुटतं आणि फोटो त्याला चिकटून येतो. एकत्र प्रदर्शनाला मी तयार आहे. डबे काढून ठेवतो. पडदाही आहे एक, कारंज्याचा. खालून उंदरानं कुरतडलाय, पण कंबरेच्या वर चांगला आहे.

विमुक्त३१

वडिलांशी बोललो. ते फोटोला बसायला तयार आहेत. दोन अटी: बाजूनं फोटो काढायचा नाही, समोरूनच. आणि कारंज्याचा पडदा हवा. सेटलमेंटमध्ये याल ना? तुमच्या यादीत फक्त पूर्व भाग होता.

मागावरची

यादी वाढली. पुढच्या रविवारी येते, सकाळी नऊच्या आत, ऊन चढायच्या आधी. डार्करूम दादा, पडदा रिक्षात मावेल का?

डार्करूम

दहा फूट रुंद आहे, गुंडाळून टपावर बांधावा लागेल. मीच घेऊन येतो. दोन बांबू आणि सुतळी तेवढी तिथे बघून ठेवा.

हुतात्मा_एक्स्प्रेस

बांबू माझ्याकडे आहेत, मंडपाचे. पोरं आवरायला पण येतो.